होमस्कूलिंगवाल्या मुलाला संस्कृत: पाठांतर आधी, बोलणं आधी, की सोडूनच द्यावं?

रंकाळ्याची_आई
मुलगा अकरा वर्षांचा. दोन वर्षं झाली, शाळा सोडून घरीच शिकतोय (का सोडली ते आत्ता नको, त्यावर वेगळं भांडण होईल). गणित, विज्ञान, इंग्रजी ठीक चाललंय. फुटबॉलचं तर विचारूच नका, कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत राहून दुसरं काय होणार! गाडी अडलीय ती संस्कृतवर.

जूनमध्ये शब्दरूपावली (शब्दांच्या विभक्तिरूपांचं पुस्तक) आणली. रोज एक शब्द पाठ. तीन आठवड्यांत 'देवः देवौ देवाः' म्हणताना त्याचं तोंड असं व्हायला लागलं की मी त्याला एरंडेल पाजतेय. मग दहा दिवसांच्या संभाषण शिबिरात घातला. रोज आनंदाने गेला, 'मम नाम' वगैरे करून आला, आणि शिबिर संपल्यावर आठवड्याभरात सगळं धुऊन गेलं. आता टेबलावर दोन पुस्तकं आहेत: भांडारकरांची मार्गोपदेशिका आणि सातवळेकरांचं संस्कृत स्वयंशिक्षक. दोन्ही तो हात न लावता बघतो.

माझं मत असं की कुठलं तरी एकच पुस्तक धरावं, दोन वर्षं सोडू नये, कुरकुर ऐकू नये. नवऱ्याचं मत, सोडून दे. कुठलं धरू?

निवृत्त_मास्तर
मार्गोपदेशिका. दुसरा विचार करू नका. पहिल्या पाठापासून क्रियापदाचे प्रत्यय, लगेच वाक्यं, आणि भाषांतर दोन्ही बाजूंनी: संस्कृतातून आपल्या भाषेत आणि आपल्या भाषेतून संस्कृतात. दुसऱ्या बाजूचं भाषांतर मुलांना नको असतं, पण खरं शिक्षण तिथेच होतं.

शिबिरांना माझा विरोध नाही, पण तिथे काय शिकवतात ते पाहा. भूतकाळ अवघड म्हणून 'अगच्छत्' बाजूला ठेवून 'गतवान्'वर भागवतात. द्विवचन शक्यतो टाळतात. दहा दिवसांनी मूल पाणी मागू शकतं, पंचतंत्रातली एक गोष्ट वाचू शकत नाही. संस्कृतात शब्द कुठेही बसतो. 'रामः वानरं पश्यति' म्हणा की 'वानरं पश्यति रामः' म्हणा, पाहणारा रामच. विभक्ती कानात बसलेली नसेल तर पोर पहिला शब्द कर्ता धरून मोकळं होतं, आणि माकड रामाला बघायला लागतं. अकराव्या वर्षी पाठांतर सोपं जातं. विसाव्या वर्षी हाच मुलगा म्हणेल, तेव्हा का नाही करून घेतलंस?

पेठेतला_गोलकीपर
ताई, मी काय पंडित न्हाई. दहावीला संयुक्त संस्कृत घेतलेलं, पन्नास मार्कांचं, ते पण मार्क पडत्यात म्हणून. पण पोरगं फुटबॉल खेळतंय म्हणताय म्हणून सांगतो. मैदानावर आम्ही दिवसभर काय बोलतो? हुकूम. धाव. थांब. बघ. फेक. संस्कृतातलं 'धाव' आणि आपलं 'धाव' एकच की! 'चल' पण तेच. 'तिष्ठ', 'पश्य', 'क्षिप' शिकायला किती येळ लागतोय? एकाला 'धाव', दोघांना 'धावतम्', सगळ्या टीमला 'धावत'. द्विवचन कशाला असतंय ते मला दहावीपर्यंत पटलं नव्हतं. दोन डिफेंडरना एकदम ओरडायला लागलं की त्याला पहिल्याच दिवशी पटंल.

पुस्तक नंतर आणा. आधी लोट् लकार, म्हणजे आज्ञार्थ, ग्राउंडवर.

निवृत्त_मास्तर
गोलकीपरसाहेब, कल्पना गोड आहे, पण सारख्या शब्दांचा मोह घातक. मराठीत 'शिक्षा' म्हणजे दंड, संस्कृतात शिकवण. आपली 'चेष्टा' म्हणजे थट्टा, त्यांची चेष्टा म्हणजे हालचाल. आणि तुमचंच उदाहरण घ्या: 'धावत' हा संस्कृतात अनेकांना दिलेला हुकूम, मराठीत 'तो धावत आला'. पोराच्या डोक्यात कालवाकालव होईल. आधी लट् (वर्तमानकाळ), मग लोट्. हा क्रम उगाच ठरलेला नाही.

पेठेतला_गोलकीपर
मास्तर, लट् आधी शिकवून आमच्या वर्गातल्या साठ पोरांतल्या किती जणांना संस्कृत आलं, तेवढं सांगा. कालवाकालव झाली तर विचारंल तरी. आत्ता तर ते विचारत पण न्हाई.

मिरजकर_तिकटी
ताईंच्या नवऱ्याच्या 'सोडून दे'ला माझा विरोध, आणि तो मास्तरांच्या कारणासाठी नाही. याच गावात १८९९ साली पंचगंगेवर छत्रपती शाहू महाराजांच्या स्नानाला पुरोहिताने त्यांना शूद्र ठरवून वेदोक्त (वेदांतले) मंत्र म्हटले नाहीत, पुराणोक्त (पुराणांतले) म्हटले. राजाला जे मिळालं नाही ते आमच्या खापरपणजोबाला काय मिळणार होतं? पुढे महाराजांनी वैदिक शाळा काढली ती ब्राह्मणेतर पोरांनाही हे शिकता यावं म्हणून. आणि आज आपण पोराचं तोंड वाकडं होतंय म्हणून सोडायचं?

पुस्तक सातवळेकरांचंच घ्या. त्याचा कोल्हापूरशीही संबंध आहे. त्यांचा 'वैदिक प्रार्थनांची तेजस्विता' हा लेख इथल्याच 'विश्ववृत्त' मासिकात आला आणि त्यापायी संपादक विजापूरकरांना तुरुंगात जावं लागलं. ही गोष्ट पोराला सांगा. एका लेखासाठी माणूस जेलमध्ये जातो म्हटल्यावर ती भाषा त्याला इतकी मिळमिळीत वाटणार नाही.

मोडीवाला
इतिहासच हवा असेल तर मोडी शिकवा की. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात मोडी कागदपत्रांचे रुमालच्या रुमाल (गाठोडी) पडून आहेत, वाचणारे बोटांवर मोजण्याएवढे. लिपी पोराला गुप्त भाषेसारखी वाटते, आणि आतली भाषा मराठीच, म्हणजे विभक्तीचा त्रासच नाही. संस्कृत ज्याला पाहिजे तो पुढे शिकेल.

मिरजकर_तिकटी
म्हणजे पुन्हा 'ज्याला पाहिजे तो'. ते कोण असतात हे आपल्याला माहीत आहे.

सातासमुद्रापार
माहेर राजारामपुरी, सध्या परदेशात. इथल्या घरी शिकवणाऱ्या आयांमध्ये अगदी हेच भांडण लॅटिनवरून चालतं. एक गट म्हणतो, 'आमो, आमास, आमात' अशी क्रियापदाची रूपं घोकून घ्या. दुसऱ्या गटाचं दैवत म्हणजे हान्स ओर्बर्ग नावाच्या डॅनिश मास्तरांचं पुस्तक. त्याच्या धड्यांत इंग्रजीचा शब्द नाही, पहिल्या पानापासून फक्त लॅटिन. पहिलं वाक्य 'रोमा इन इतालिया एस्त', म्हणजे रोम इटलीत आहे. शेजारी नकाशा. मुलाला न सांगता कळतं.

मी माझ्या नाखूश लेकाला तेच दिलं. सुरुवातीचे धडे कादंबरी वाचावी तसे वाचले. मग एक दिवस स्वतः लिहायला बसला आणि एकही शेवट बरोबर येईना. तेव्हा चिडून म्हणाला, 'याचा तक्ता कुठे आहे?' मास्तर, तक्ते काही टळत नाहीत, ते मला मान्य. पण आधी कोंबलेला तक्ता आणि मागून घेतलेला तक्ता यात फरक आहे. आमच्याकडे तो तक्ता फ्रिजवर त्यानेच चिकटवला.

ताई, स्वयंशिक्षक त्या जातीच्या जवळ जातं. 'सः', 'त्वम्', 'अहम्', 'गच्छति' असे मोजके शब्द, आणि लगेच त्यांचीच छोटी वाक्यं. मार्गोपदेशिका कपाटात राहू द्या, फेकू नका.

हिशेबी
सगळे पुस्तकावर बोलताहेत, परीक्षेचं कुणी बोलत नाही. पोरगा पुढे एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून) दहावी करणार ना? मग त्यांचा अभ्यासक्रम आत्ताच धरा, दोनदा मेहनत कशाला?

रंकाळ्याची_आई
हिशेबी, एनआयओएसची दहावी चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर. पाच विषय, त्यात किमान एक भाषा. संस्कृत यादीत आहे, पण सक्तीचं नाही. म्हणजे परीक्षेसाठी म्हणून मला हे करायचंच नाही. खरं सांगायचं तर तेच कारण पुढे करून मी त्याला रेटत होते, आणि त्याने ते शोधून काढून माझ्या तोंडावर मारलं.

गोलकीपर, 'तिष्ठ' करून बघितलं. बिल्डिंगमधली पोरं हसली, पण दोघांनी उचललं. 'क्षिप'चा उच्चार मात्र भलताच होतोय, तो इथे लिहीत नाही.

आणि हो, मागच्या रविवारी खिद्रापूरला नेलं. कोपेश्वराच्या देवळात यादव राजा सिंघणाचा देवनागरीतला संस्कृत शिलालेख आहे, म्हटलं अक्षरं ओळखीची बघून तरी खुलेल. स्वर्गमंडपाच्या गोल झरोक्यातून आकाश बघत तो अर्धा तास उताणा पडला. शिलालेखाची एक ओळ लागली नाही. त्यालाही नाही, मलाही नाही.

परखड
शेवटचं वाक्य परत वाचा. तुम्हालाही नाही. दहावीला तुम्हाला किती होते?

रंकाळ्याची_आई
शंभरात ब्याण्णव.

परखड
मग संस्कृत राहिलंय कुणाचं? पोराला सोडा. पुस्तक स्वतःसाठी उघडा. ब्याण्णव मार्कांची थकबाकी अकरा वर्षांच्या पोराकडून वसूल करू नका.

निवृत्त_मास्तर
हे टोचून बोलणं झालं. आई-बापांनी स्वतःला न आलेलं मुलांना शिकवायचं नाही ठरवलं तर अर्ध्या शाळा बंद पडतील.

परखड
मास्तर, त्यांनी शाळा तर आधीच बंद केलीय.

रंकाळ्याची_आई
परखड, दोन दिवस राग आला होता. आता उत्तर देते. तुमचं अर्धंच पटलं. स्वयंशिक्षक मीच सुरू केलंय, रात्री भांडी झाल्यावर, मोठ्याने वाचत. पण त्याला पूर्ण सोडणार नाही. मी सोडलं असतं ना, तर त्याने गणितही सोडलं असतं, माझा मुलगा मला माहीत आहे. ठरलंय असं: रोज दहा मिनिटं, पाठांतर नाही, वाक्यं फक्त वाचायची, आणि तक्ता त्याने मागितल्याशिवाय निघणार नाही. मास्तर, रागावू नका, मार्गोपदेशिका कपाटात वरच्या कप्प्यात आहे.

तो मोबाईलवर टायमर लावतो. दहा म्हणजे दहा. अकराव्या मिनिटाला बूट घालून जिन्यात.

पेठेतला_गोलकीपर
जाऊ दे की. खाली 'धाव' म्हणतोय का न्हाई तेवढं बघा.