रोम: चौघं, तीन दिवस, त्यात दोन शाकाहारी. फिरणं-खाणं कसं बसवावं?

हापूसप्रेमी (प्रश्न)
ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं रोमला तीन पूर्ण दिवस आहोत. मुक्काम तेर्मिनी स्टेशनजवळ. दोघं शाकाहारी (अंडं, चीज चालतं), एक सर्वभक्षी, एकाला डुक्कर आणि गोमांस नको. कोलोसियम, वॅटिकन आणि जुन्या शहरात पायी भटकणं एवढंच ठरलंय. विमानतळावरून कसं यावं? रोमा पास घ्यावा का? तिकिटं किती आधी काढायची? आणि मुख्य म्हणजे चौघांनी एका टेबलावर बसून काय मागवावं? "पिझ्झा-पास्ता मिळतोच की" हे उत्तर कृपया नको.

पायपीट
फ्युमिचीनो विमानतळाहून लिओनार्दो एक्सप्रेस या ट्रेनचं तिकीट माणशी १४ युरो, ३२ मिनिटांत तेर्मिनी. वेगवेगळी तिकिटं काढली तर चौघांचे झाले ५६. अधिकृत पांढऱ्या टॅक्सीचं ऑरेलियन भिंतीच्या (जुन्या शहराच्या तटाच्या) आतलं ठरलेलं भाडं ५५ युरो, अख्ख्या गाडीचं, सामानासकट. म्हणजे जवळपास तेवढ्याच पैशांत टॅक्सी चौघांना दारापर्यंत सोडते. अट एकच, चार मोठ्या बॅगा एका साध्या गाडीत मावत नाहीत, तेव्हा रांगेतल्या मोठ्या गाडीला हात करा. टर्मिनलच्या आत "टॅक्सी, टॅक्सी" करत जवळ येणाऱ्याकडे लक्ष देऊ नका.

कोलोसियमची तिकिटं अधिकृत साइटवर ३० दिवस आधी खुली होतात. साधं तिकीट १८ युरो, त्यातच फोरम आणि पॅलाटिन टेकडी, २४ तासांत. तिकिटावर प्रत्येकाचं नाव असतं आणि दारात ते पासपोर्टाशी ताडतात. आपली गडबड इथेच होते. पासपोर्टात पहिल्या नावाला जोडून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, आणि तिकीट काढणारा मित्र घाईत टोपणनाव लिहून मोकळा होतो. पासपोर्ट समोर ठेवून चौघांची नावं जशीच्या तशी उतरवा. मोठ्या बॅगा आणि काचेच्या बाटल्या आत नेता येत नाहीत.

वॅटिकन म्युझियम २० युरो, ऑनलाइन आरक्षणाचे ५ वेगळे. ६० दिवस आधी तारखा खुल्या होतात. सकाळी ८ ची वेळ मिळाली तर दुसरी बघूच नका. रविवारी बंद. फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी उघडं आणि फुकट असतं, पण ती गर्दी नको. म्युझियमचं दार व्हियाले व्हातिकानोवर आहे, सेंट पीटर्सच्या चौकात नाही. चौकातून भिंतीच्या कडेने तिथे जायला पंधरा मिनिटं लागतात. चौकातली रांग बॅसिलिकेची, म्हणजे सेंट पीटर्स चर्चची असते, तिकडे उभं राहिलात तर तुमची ८ ची वेळ हुकलीच. बुधवारी सकाळी पोपचं जाहीर दर्शन असतं, तो दिवस कोलोसियमला द्या. त्या चर्चच्या घुमटाला ५५१ पायऱ्या. लिफ्ट घेतली तरी ३२० चढाव्याच लागतात, आणि शेवटी जिना घुमटाच्या वळणाबरोबर तिरका होतो, म्हणजे तुम्हीही तिरके. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत.

रोमा पास (प्रवास आणि प्रेक्षणीय स्थळांचं एकत्र कार्ड) तुमच्या बेताला उपयोगाचा नाही. वॅटिकन त्यात येत नाही आणि कोलोसियमची वेळ तरीही वेगळी राखून ठेवावी लागते.

गल्लीबोळ
पासबद्दल +१. बस-मेट्रोचं साधं तिकीट १.५० युरो, १०० मिनिटं चालतं. त्यात बस कितीही बदला, पण मेट्रोत शिरणं एकदाच. स्टेशनबाहेर पडून परत आत जायला दुसरं तिकीट लागतं. बँकेचं कार्ड टेकवून जाता येतं, मात्र एका कार्डावर एकच माणूस. एकाच्या कार्डावर चौघं चढले आणि तपासनीस आला, तर दंड उरलेल्या तिघांना. कागदी तिकीट बसमध्ये चढल्यावर यंत्रात घालून छापून घ्यायचं. तेर्मिनी ते वॅटिकन जाणारी ६४ नंबरची बस खिसेकापूंसाठी बदनाम आहे, पाकीट पुढच्या खिशात ठेवा.

पँथिऑन, नवोना चौक, त्रेव्ही कारंजं हा सगळा भाग मेट्रोविना आहे, पायीच करायचा. पँथिऑनला ५ युरो तिकीट आहे. नवोनाजवळ सान लुईजी देई फ्रांचेझी या चर्चमध्ये काराव्हाज्जोची संत मॅथ्यूची तीन चित्रं फुकट बघायला मिळतात. तिथे अंधार असतो. खांबाशेजारच्या पेटीत नाणं टाकलं की दिवा लागतो आणि थोड्या वेळाने खटकन विझतो. खिशात सुटे ठेवा, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या नाण्याची वाट बघत बसाल. दुपारी चर्च बंद असतं. स्पॅनिश पायऱ्यांवर बसायला २०१९ पासून मनाई आहे, दंड होतो.

पाणी विकत घेऊ नका. रस्त्यावरचे लोखंडी नासोनी नळ चोवीस तास वाहतात आणि पाणी पिण्याचंच आहे. खालच्या तोंडावर बोट दाबलं की नळीला वर असलेल्या भोकातून धार उडते, तिला तोंड लावायचं.

तूपसाखर
आता जेवणाकडे. रोमच्या चार पास्तांपैकी कार्बोनारा, अमात्रिचाना आणि ग्रिचा या तिन्हींत ग्वांचाले, म्हणजे डुकराचा गाल. उरला काचो ए पेपे: चीज आणि काळी मिरी. तेवढा तुमचा. पण त्यातलं पेकोरीनो रोमानो बनवताना दूध थिजवायला कोकराच्या जठरातलं रेनेट लागतं, पार्मिजानोला वासराचं. "चीज चालतं" म्हणणाऱ्या दोघांना हे आत्ताच सांगा, टेबलावर नको. नाही चालत म्हणाले तर आल्यो ए ओल्यो (लसूण, तेल, सुकी मिरची), आराब्याता चीज न घालता, आणि पिझ्झा मारीनारा, ज्यात मुळातच चीज नसतं.

खरे फसवे पदार्थ तळणाच्या यादीत असतात. भोपळ्याच्या फुलांची भजी दिसली की आपला हात आपोआप जातो, पण फ्योरी दी झुक्काच्या आत मोझरेलाबरोबर अँकोव्ही मासा असतो. भरून तळलेला, त्यामुळे "काढून द्या" म्हणता येत नाही. सुप्लीच्या (भाताच्या तळलेल्या गोळ्यांच्या) भातात खिम्याचा रस्सा असतो. नुसतं "कार्ने (मांस) नको" सांगून भागत नाही, कारण हॅम आणि मासा त्यात पुष्कळ वेटर धरत नाहीत. "न्येंते कार्ने, न्येंते प्रोशुत्तो, न्येंते पेशे" असं तिन्ही मोजून सांगा. पिझ्झ्यावर "पेपेरोनी" वाचून दचकू नका, ते सॉसेज नव्हे, ती ढोबळी मिरची.

भाजीत चिकोरिया रिपास्साता मागवा. उकडून लसूण-मिरचीवर परतलेली कडवट पालेभाजी, आपल्या भाकरीची आठवण काढेल अशी. ज्यू वस्तीतला तळलेला आर्टिचोक (भाजी म्हणून खातात ती फुलाची कळी) प्रसिद्ध आहे, पण त्याचा रोमन हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल. ऑक्टोबरात मिळेल तो बाहेरचा, त्यासाठी वाट वाकडी करू नका. डुक्कर-गोमांस टाळणाऱ्याला अबाक्क्यो (कोकरू) किंवा तळलेला बाक्काला मासा.

वॅटिकनच्या दिवशी म्युझियममधून निघून चीप्रो मेट्रोजवळ पित्झारिउम या पिझ्झाच्या दुकानात जा. पिझ्झा कात्रीने कापून वजनावर देतात. भाव १०० ग्रॅमचा आहे की किलोचा ते पाटीवर बघा, बोटांनी रुंदी दाखवा. माणशी २५० ग्रॅम पुरे. चौघांनी चार प्रकार घेऊन वाटून खायचे असतील तर शाकाहारींचे तुकडे वेगळ्या कागदावर मागा, कात्री एकच असते.

स्वयंपाकघरं साधारण साडेबारा ते अडीच-तीन आणि मग संध्याकाळी साडेसातनंतर. मधल्या वेळात पूर्ण जेवण देणारी ठिकाणं बहुतेक पर्यटकांसाठीची.

हापूसप्रेमी
रेनेटचं आजच ग्रुपवर टाकलं, एकाने "थांब, विचार करतो" लिहिलंय. बिल वेगवेगळं मागितलं तर देतात का?

तूपसाखर
बरेचदा नाही. इटालियनमध्ये बिल समान वाटण्याला "आला रोमाना" म्हणतात, तेव्हा रोममध्ये वेगळं मागणं अवघडच. एकाने भरा, हिशेब रात्री ॲपवर. बिलात "पाने" (पाव) किंवा "कोपेर्तो" (टेबलावर बसण्याचा आकार) अशी माणशी ओळ दिसेल. पाव नको असेल तर टेबलावर आल्याआल्या परत करा.

कॉफी उभ्याने प्या, टेबलावर भाव वाढतो. पुष्कळ बारमध्ये आधी गल्ल्यावर पैसे देऊन मग पावती काउंटरवर ठेवायची असते. आणि सांत एउस्ताक्यो या कॅफेत कॉफीत साखर आधीच घालतात. नको असेल तर ऑर्डर देतानाच "आमारो" (कडू) म्हणा.