मदत हवी आहे: ब्राझीलमधला चार खिडक्यांचा रेशीम पतंग, जात कशी ओळखू?

नमस्कार मंडळी,

सध्या मी साओ पाउलो राज्यात कॅम्पिनासला राहते. ऑगस्टमध्ये कुंपणाच्या फांदीला रेशमी देठाने लोंबणारा एक तपकिरी कोष दिसला. आजोळ भंडाऱ्याकडचं, ऐनाच्या झाडावरचे टसरचे कोष लहानपणी हाताळलेत, त्यामुळे रेशीम पतंगच असणार हे लगेच कळलं. फांदीसकट व्हरांड्यात टांगला.

ऑक्टोबरात पाऊस सुरू झाला आणि त्याच आठवड्यात मादी बाहेर आली. विटकरी रंग, पंख पसरून सुमारे १२ सेंमी आणि चारही पंखांवर एकेक तिकोनी खिडकी. इतकी पारदर्शक, की पलीकडच्या भिंतीचा रंग दिसतो! सह्याद्रीतल्या ॲटलास पतंगालाही अशाच खिडक्या असतात. तो धागा धरून रॉथशिल्डिया या प्रजातीपर्यंत पोचले, पुढे अडलंय. ऑरोटा की जाकोबेई?

या पतंगांना खाण्याजोगं तोंडच नसतं, अळीपणी साठवलेल्या चरबीवर जगतात. दुसऱ्या रात्री तिच्या गंधाने पिसासारख्या रुंद मिशांचा नर खिडकीच्या जाळीवर आला. सहाव्या दिवशी ती गेली, पण जाळीवर अंडी ठेवून. बाराव्या दिवशी अळ्या निघाल्या. एरंडाची पानं आवडीने खाताहेत, आपल्या एरी रेशमाच्या अळ्यांसारखीच.

शेजारच्या आजी म्हणतात, "तातुराना (दाहक काट्यांच्या अळ्या) आहेत, जाळून टाक." त्यांची भीती खरी आहे. इथल्या लोनोमिया ऑब्लिका या अळीच्या काट्यांतल्या विषाने रक्त गोठणं बिघडतं, माणसं दगावली आहेत. साओ पाउलोची बुटांटान संस्था त्यावर प्रतिविष बनवते. पण लोनोमिया असा रेशमी कोष विणत नाही, झाडाखालच्या पालापाचोळ्यात कोशावस्थेत जाते. तिचा पतंग वाळक्या पानासारखा दिसतो, त्याला खिडक्या नसतात. या अळ्यांची आई तर माझ्या डोळ्यांसमोर कोषातून निघाली. तरीही घरात चार वर्षांची लेक आहे, म्हणून जाणत्या माणसाकडून खात्री हवी.

मादीचे वरून आणि खालून काढलेले फोटो, रिकामा कोष आणि अळ्या, सगळं जोडलंय. जात ठरवताना खिडकीचा आकार पाहायचा की तिच्या बाहेरची पांढरी रेघ? आणि कोष विणायला त्यांना उभ्या फांद्या लागतील, की डब्यातच विणतील? दोनदा कात टाकून झाली आहे, तेव्हा कुणी अशा अळ्या वाढवल्या असतील तर लवकर लिहा. मला एकही गमवायची नाही.