पंधरा वर्षांची 'आते': कौतुक करायचं की काळजी?

दवाओरिटर्न
फिलिपीन्समध्ये दवाओला डॉक्टरकी शिकताना ज्या गल्लीत राहिले, तिथे समोरच्या घरात आई, आजी आणि तीन मुलं. बाप दुबईत. आईला स्किझोफ्रेनिया. थोरली पंधराची, धाकटे तिला 'आते' म्हणत (तिकडे ताईला आते म्हणतात, आपल्या आतेशी संबंध नाही). आईच्या गोळ्या, धाकट्यांचे डबे, सगळं तिच्याकडे. गोळ्या पट्टीने नाही, सुट्या आणायची, दोन नाहीतर तीन, बापाचे पैसे येतील तशा.

गल्लीत तिचं फार कौतुक. घरातलं सगळं असं झेलणाऱ्या मुलाला तिकडच्या टॅगालोग भाषेत 'तागासालो' म्हणतात. माझं म्हणणं एवढंच, की हे कौतुक करून सगळ्यांनी आपापलं अंग काढून घेतलं होतं.

एकदा शाळेच्या गेटवर दप्तर तपासलं, तर आत स्वयंपाकाची सुरी. पोरगी गप्प. आईचं बिनसलं की ती सुरी घरात ठेवायची नाही, बरोबर न्यायची. हे मला सांगितलं, शाळेत नाही. 'बुआंग' म्हणजे वेडी, हा शब्द एकदा वर्गात निघाला की संपलंच.

जुनाखोडकर
असहमत. तुम्ही शिकून परत आलात, ती तिथेच आहे. पर्याय काय? बालगृह? तीन भावंडं तीन ठिकाणी? मानसोपचारतज्ज्ञ मनिला, सेबू, दवाओ असल्या शहरांत, बेटांवर कोण जातंय? अशा ठिकाणी घर हीच यंत्रणा. 'उतांग ना लोओब', म्हणजे मनावरचं ऋण, तिकडे पोरं उगाच मानत नाहीत. त्यातून ती घडतात.

शेवंती
सुरीचं उदाहरण खटकलं. मनाचा आजार म्हणजे अंगावर धावून येणं, हा समज आधीच काय कमी आहे?

दवाओरिटर्न
शेवंती, मान्य, अर्धवट लिहिलं. भीती आई स्वतःला काही करून घेईल याची होती. दुसऱ्या कोणाला तिने कधी बोटही लावलं नाही.

खोडकर, बालगृह मी कुठे म्हटलं? तिथला २०१८चा मानसिक आरोग्य कायदा (रिपब्लिक ॲक्ट ११०३६) बघा. रुग्णाने नेमायचा प्रतिनिधी सज्ञान लागतो. आपल्या २०१७च्या कायद्यातही तसंच. त्यामागचं कारण कळतं, पण रोज गोळी देणारी पोर कागदावर कोणीच नाही. ओपीडीत तिला बाहेर बसवून आजीशी बोलायचे. आजीला ऐकू कमी. घरी आल्यावर आजीच तिला विचारायची, "काय म्हणाले ग डॉक्टर?"

मिरजकरीण
माझी आई बायपोलर. फिलिपीन्स पाहिलेलं नाही, पण हे घर ओळखीचं वाटलं. खोडकर, "घडतात" म्हणताना तुम्ही घडलेल्यांकडेच बघताय. माझा भाऊ सतराव्या वर्षी घरातून गेला, त्याला कशात धरायचं? आणि दवाओरिटर्न, कौतुकावर एवढा राग नको. दहावीत कोणी "शहाणी ग माझी" म्हटलं की माझे दोन दिवस बरे जायचे. मला हवं होतं ते आजाराचं नाव. बाराव्या वर्षापासून "आईचं डोकं दुखतंय" एवढंच ऐकलं. मग बाहेरचं आहे म्हणून देवरुषी. नाव कळलं तेव्हा मी कॉलेजात होते.

जुनाखोडकर
भावाबद्दल वाईट वाटलं. शब्द मागे घेतो, मुद्दा नाही. देवरुषी तिकडेही आहे, अल्बुलार्यो म्हणतात. पण समाज तुम्ही म्हणता तितका निर्दय नाही. तिकडचा लेखक रिझाल, त्याच्या 'नोली मे टांगेरे' कादंबरीतली (१८८७) सिसा घ्या, पोरांच्या काळजीने वेडी झालेली आई. १९५६च्या कायद्याने रिझाल शिकवणं सक्तीचं. म्हणजे शाळेत गेलेल्या प्रत्येकाने वेड्या आईसाठी हळहळ केलेली असते.

दवाओरिटर्न
हळहळ कसली! नववीला वर्गात त्याचं नाटक बसवतात. केस पिंजारून, फाटका झगा घालून कोणीतरी "क्रिस्पिन! बासिलिओ!" अशा सिसाच्या पोरांच्या नावाने हाका मारत फिरतं आणि वर्ग हसून लोळतो. आतेच्या वर्गात झालं त्या दिवशी ती शाळेत गेली नाही. ताप आलाय म्हणून माझ्या खोलीवर झोपून होती. अंग गार होतं.

शेवंती
सुरीचं पुढे काय झालं?

दवाओरिटर्न
जप्त. पालकांनी येऊन न्या म्हणाले. आता येणार कोण? आठवडाभर कांदा-लसूण आमच्याकडे आणून चिरत होती.