माळ्यावरचा सहा व्हॉल्व्हचा रेडिओ: वीज लावण्याआधी काय काय तपासू? (इंदूर)

रामबाग_इंदूर

नमस्कार मंडळी. घराच्या माळ्यावर सहा व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा) लाकडी रेडिओ निघाला आहे. निदान तीस वर्षं तरी त्याला वीज लागलेली नाही. व्हॉल्व्हवर वाचता येणारे नंबर: ईसीएच ८१, ईएफ ८९, ईबीसी ८१, ईएल ८४, ईझेड ८० आणि मॅजिक आयचा (स्टेशन नीट लागलं का ते दाखवणाऱ्या उजेडाच्या डोळ्याचा) ईएम ८१. बँड चार, एक मिडियम वेव्ह आणि तीन शॉर्ट वेव्ह. मागे ‘पीयू’ (पिक-अप, म्हणजे रेकॉर्ड प्लेअर जोडायची जागा) लिहिलेली दोन भोकं आहेत.

अवस्था वाईट आहे. मागचा पुठ्ठा उंदरांनी कुरतडला, चॅसीवर (भाग बसवलेल्या पत्र्याच्या सांगाड्यावर) त्यांची घाण आणि जागोजागी पांढरी-पिवळट भुकटी. मेन्स वायरचं रबर हात लावला की गळतं. डायलची दोरी तुटली आहे, स्पीकरच्या कागदाला बोटभर चीर गेली आहे, डाव्या बाजूचं विनियर (वरचा लाकडाचा पातळ थर) सुटलं आहे.

मल्टिमीटर आहे, सोल्डरिंग येतं, पण आजवरचं काम बारा व्होल्टच्या आतलं. एका दुकानदाराने “आतलं सगळं काढून ब्लूटूथ बोर्ड टाकून देतो” असं सांगितलं, ते मला करायचं नाही. सुरुवात कुठून करू? आणि एकदा नुसता लावून बघितला तर काय बिघडेल?

ग्रिड_लीक

बोर्ड टाकायला दिला नाहीत हे फार चांगलं केलंत. तुमच्या यादीतला एकही व्हॉल्व्ह दुर्मीळ नाही, सेट पूर्ण आहे. असा सेट आतून रिकामा करणं म्हणजे त्याचा कायमचा शेवट.

नुसता लावून मात्र अजिबात बघू नका. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वर्षानुवर्षं पडून राहिला की आतला ऑक्साइडचा थर झिजतो आणि तो जवळजवळ शॉर्टसारखा वागतो. ईझेड ८० (एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर) तापला की सगळा करंट त्यातून धावतो. आधी ईझेड ८० जातो, मग ट्रान्सफॉर्मरचं एचटी (हाय टेन्शन, म्हणजे जास्त व्होल्टेजचं) वाइंडिंग. व्हॉल्व्ह मिळेल, तसा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घ्यायला माणूस शोधावा लागेल.

पहिलं काम सफाई, आणि तीही जपून. ती भुकटी म्हणजे उंदरांच्या मुतामुळे गंजलेला चॅसीचा मुलामा. त्या काळी कॅडमियमचा मुलामा सर्रास असे आणि त्याची भुकटी विषारी असते. पॉलिश पेपर मारू नका, ब्लोअर लावू नका. मास्क आणि हातमोजे घालून ओलसर फडक्याने टिपून घ्या आणि फडकं टाकून द्या. त्याआधी चॅसीचे वरून, खालून भरपूर फोटो काढा. कोणता व्हॉल्व्ह कुठे होता ते चॅसीवर पेन्सिलने लिहा, काचेवर नाही. काच पुसायचीच तर छापलेला नंबर सोडून पुसा, तो स्पिरिटने काय, ओल्या अंगठ्यानेही निघून येतो.

आता मीटर. प्लगच्या दोन पिनांमध्ये, सेटचा स्विच चालू ठेवून, साधारण २० ते ५० ओहम यायला हवेत. त्याच पिना आणि चॅसी यांच्यात काहीही दाखवता कामा नये. तुमचे व्हॉल्व्ह ‘ई’चे आहेत, म्हणजे ६.३ व्होल्टच्या फिलामेंटचे, त्यामुळे मेन्स ट्रान्सफॉर्मर असणार. तरी ही तपासणी चुकवू नका, कारण काही सेटमध्ये ऑटो-ट्रान्सफॉर्मर असतो आणि चॅसीला थेट मेन्स येते. यूसीएच, यूवाय असे ‘यू’चे व्हॉल्व्ह असते तर चॅसी मेन्सवरच असते असं धरून चालायचं, आणि मेन्सपासून वेगळं ठेवणाऱ्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय हात लावायचा नाही.

मग आऊटपुट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे ईएल ८४ हा शेवटचा व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्या मधला. ईएल ८४ च्या ७ नंबर पिनपासून एचटी लाइनपर्यंत काहीशे ओहम यायला हवेत. इथे ओपन असेल तर थांबा. ॲनोडला (७ नंबरला) व्होल्टेज नाही आणि ९ नंबरच्या स्क्रीन ग्रिडला आहे, अशा अवस्थेत स्क्रीन लाल होऊन चांगला व्हॉल्व्ह मिनिटभरात खलास होतो.

कंडेन्सर बदलायचे ते असे. एचटीचा ॲल्युमिनियमचा डबा जागेवर राहू द्या, पण त्याच्या वायरी सोडवून नवे कंडेन्सर खाली बसवा. डब्याला समांतर नवा जोडू नका, आतली गळती तशीच राहते. ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्ट, १०५ डिग्रीचे दोन पुरतात. ‘जास्त घातला तर हम (मेन्सची घुमघुम) कमी’ म्हणून १०० घालू नका. ईझेड ८० नंतरच्या पहिल्या कंडेन्सरची मर्यादा ५० मायक्रोफॅरड आहे, त्याहून मोठा घातला तर चालू करतानाचा धक्का त्याच्या कॅथोडला सोसत नाही. ईएल ८४ च्या कॅथोडवरचा लहान इलेक्ट्रोलिटिकही बदला.

मेणाचे आणि डांबराचे जेवढे पेपर कंडेन्सर आहेत ते सगळे पॉलिप्रॉपिलीन ६३० व्होल्टचे लावा, व्हॅल्यू तीच. मायका आणि सिरॅमिकला हात लावू नका. मेन्सच्या दोन तारांमध्ये कंडेन्सर असेल तर तो एक्स-२ दर्जाचाच हवा, मेन्स ते चॅसी असेल तर वाय-२. साधा ६३० व्होल्टचा तिथे चालत नाही, फुटला तर आग लागते.

सगळ्यात घातक कंडेन्सर एकच: ईबीसी ८१ च्या ॲनोडकडून ईएल ८४ च्या २ नंबर पिनला (ग्रिडला) जाणारा कपलिंग कंडेन्सर, बहुधा ०.०१ किंवा ०.०२२ मायक्रोफॅरडचा. तो थोडा जरी गळला तरी ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज येतं, ईएल ८४ वाटेल तेवढा करंट ओढतो, आणि मग तो, आऊटपुट ट्रान्सफॉर्मर आणि ईझेड ८० तिघेही संकटात. बाकी काही राहिलं तरी चालेल, हा पहिला बदला.

जुना_टेक्निशियन

एवढं सगळं बदलण्याआधी व्हेरिॲकवर (व्होल्टेज कमी-जास्त करायच्या ट्रान्सफॉर्मरवर) हळूहळू व्होल्टेज वाढवत न्या. ५० व्होल्ट, मग ८०, मग ११०, असं दोन दिवस. जुने इलेक्ट्रोलिटिक पुन्हा फॉर्म होतात (आतला ऑक्साइडचा थर परत बसतो), मूळ भाग टिकतो.

ग्रिड_लीक

काका, सॉलिड स्टेट (डायोडचा) रेक्टिफायर असता तर पटलं असतं. इथे ईझेड ८० आहे. ८० व्होल्ट मेन्सवर त्याच्या फिलामेंटला दोन-सव्वादोन व्होल्ट मिळतील, तो वाहणारच नाही, म्हणजे कंडेन्सरला काहीच पोचत नाही. आणि वाहायला लागतो तेव्हा एकदम दोनशेच्या घरात व्होल्टेज येतं. फॉर्म करायचंच तर कंडेन्सर सेटपासून सोडवून, बाहेरच्या डीसी सप्लायवर २२ किलोओहम रेझिस्टरमधून करावं लागेल. नवशिक्याने ते करू नये, आणि इतक्या वर्षांनी आतला द्रव सुकलेला असतो.

मूळ रूप जपायचं असेल तर डबा पोकळ करून नवे कंडेन्सर आत लपवता येतात. ते सावकाश, सेट वाजायला लागल्यावर.

जुना_टेक्निशियन

फिलामेंटचा मुद्दा बरोबर आहे. मग सिरीज बोर्ड (बल्बमधून मेन्स देणारा) तरी सक्तीचा करा.

ग्रिड_लीक

अर्थात. साधा टेस्ट बोर्ड, त्यात ४० वॉटचा तारेचा बल्ब. एलईडी चालत नाही, त्याचा करंटवर तसा अंकुश राहत नाही. महाराणी रोडवर इलेक्ट्रिकलच्या दुकानांत विचारा. मेन्स वायर तीन तारांची ०.७५ स्क्वेअर एमएमची घ्या, हिरवी चॅसीला पक्की बोल्टने, आणि फेजमध्ये ५०० मिलिअँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज.

आधी सगळे व्हॉल्व्ह काढून नुसता ट्रान्सफॉर्मर अर्धा तास बोर्डवर ठेवा. बल्ब जेमतेम लाल किंवा विझलेला राहिला पाहिजे. भकभकला किंवा ट्रान्सफॉर्मर तापून वास आला तर आत वेढे शॉर्ट आहेत. हे पार पडलं की व्हॉल्व्ह घाला. बल्ब क्षणभर उजळून मंदावला, व्हॉल्व्ह तापताना पुन्हा थोडा वर आला, की ठीक. स्पीकर जोडलेलाच हवा.

आत हात घालण्याआधी प्लग काढायचा आणि १० किलोओहम, ५ वॉटच्या रेझिस्टरने एचटीचे कंडेन्सर रिकामे करायचे. रेझिस्टरचं एक टोक चॅसीला, दुसरं इन्सुलेटेड क्लिपने, पाच सेकंद. मग मीटर लावून शून्य बघायचं. चालू सेटवर मापताना डावा हात मागे. इथे अडीचशे-तीनशे व्होल्ट डीसी आहे, बारा व्होल्टची सवय इथे विसरावी लागेल.

चपडा_पॉलिश

लाकडाचं आणि बाहेरचं मी सांगतो. डायलच्या काचेची मागची बाजू कशानेही पुसू नका, पाण्यानेही नाही. स्टेशनांची नावं मागून रंगवलेली असतात आणि इतक्या वर्षांनी रंगाची पकड सुटलेली असते. एक बोट फिरलं की अर्धं युरोप निघून येतं, आणि ते परत रंगवणारं कुणी नाही. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका, बस. पुढची बाजू काचेसारखी धुवा.

विनियर सुटलंय तिथे पाणी मिसळलेलं फेविकोल इंजेक्शनच्या सुईने आत सोडा, वर मेणकागद आणि सपाट फळी, रात्रभर शिकंजा. पॉलिश खरवडू नका. मूळ फिनिश चपड्याचं (लाखेच्या पॉलिशचं) आहे का ते मागच्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा लावून कळेल. चिकट झालं तर चपडाच, तेव्हा नव्या पातळ चपड्याचे हात जुन्यात विरघळून एकजीव होतात. लॅकर निघालं तर नुसतं मेण लावा. पावसाळ्यात चपडा चढवू नका, दमट हवेत पांढरा पडतो. वाळवीची भोकं असतील तर चॅसी पूर्ण बाहेर काढूनच औषध सोडा.

स्पीकरच्या चिरेला पतंगाचा पांढरा कागद, हाताने फाडून (कापलेली कड कडक राहते), पाणी-फेविकोल सारखं. दोन्ही बाजूंनी एकेक थर, जास्त नाही. आधी दोन अंगठ्यांनी कोन सरळ आत दाबून बघा. खरखर ऐकू आली तर कॉइल घासते आहे, मग कागद लावून उपयोग नाही.

डायलच्या दोरीला ०.६ ते ०.८ मिलिमीटरची न ताणणारी विणलेली दोरी घ्या. मासेमारीचा नायलॉन तंगूस घेऊ नका, तो घसरतो. ट्यूनिंगच्या दांड्यावर अडीच ते तीन वेढे, आणि स्प्रिंग अर्धी ताणलेली.

रामबाग_इंदूर

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे केलं आहे: १४ कंडेन्सर बदलले, वायर-फ्यूज नवे, प्लग ते चॅसी काही दाखवत नाही. ट्रान्सफॉर्मर अर्धा तास थंड होता. सेट आता वाजतो! बल्ब काढून थेट मेन्सवर घेतलेली मापं: घरात २४२ व्होल्ट, फिलामेंट ६.९, एचटी २९०. ईएल ८४ ची २ नंबर पिन शून्य, ३ नंबर ८.६ व्होल्ट, आणि तिथला रेझिस्टर १५० ओहमच आहे. व्हॉल्व्ह फार गरम वाटतो. व्हॉल्यूम फिरवताना खरखर आहे. डोळा अगदी मंद. आणि दिवसा मिडियम वेव्हवर भुणभुण एवढी की स्टेशन दबतं.

ग्रिड_लीक

मापं सुरेख घेतलीत, त्यामुळे निदान सोपं झालं. २ नंबर शून्य म्हणजे कपलिंग कंडेन्सर निर्दोष आणि व्हॉल्व्हही गॅसी (आत वायू झालेला) नाही. ८.६ भागिले १५० म्हणजे ५७ मिलिअँपिअर. त्यातले पाच-सहा स्क्रीनचे वजा केले तरी ॲनोडवर साधारण १४ वॉट पडतात, ईएल ८४ ची मर्यादा १२ आहे. पण दोष व्हॉल्व्हचा नाही. फिलामेंट ६.९ दाखवतंय, म्हणजे सगळंच सुमारे दहा टक्के वर आहे. मागचा व्होल्टेज सिलेक्टर २२० वर असणार. प्लग काढून तो २४० किंवा २४५ वर न्या. फिलामेंट ६.३ च्या आसपास, एचटी २६० च्या जवळ आणि ३ नंबर पिन साडेसातच्या आसपास आली की प्रश्न संपला.

खरखरीला कॉन्टॅक्ट क्लीनर, व्हॉल्यूम कंट्रोलच्या आत दोन थेंब, वीसएकदा फिरवा. डब्ल्यूडी-४० नको, बँड स्विचवर तर मुळीच नको. त्याच्या पट्ट्या तेल शोषतात आणि गळती सुरू होते. डोळ्यासाठी आधी ॲनोडचा ४७० किलोओहमच्या आसपासचा रेझिस्टर मापा, हे रेझिस्टर वयाबरोबर मेगाओहमच्या वर जातात. तो बरोबर निघाला तर ईएम ८१ चा फॉस्फर झिजलाय, नवा घेण्यावाचून उपाय नाही.

दिवसाची भुणभुण सेटची नाही. घरातले एलईडी, चार्जर, इन्व्हर्टर एकेक बंद करून बघा. गच्चीवर सहा-आठ मीटर वायर टाकून एरियलला जोडा. आयएफटीचे (आतले ट्यूनिंग जुळवणारे ट्रान्सफॉर्मर) स्क्रू मात्र कितीही मोह झाला तरी फिरवू नका, सिग्नल जनरेटरशिवाय ते परत जागेवर येत नाहीत.

रामबाग_इंदूर

सिलेक्टर २२० वरच होता. २४५ वर नेला: फिलामेंट ६.२५, एचटी २५८, ३ नंबर पिन ७.५. शेवटचा प्रश्न: पीयूच्या भोकांतून मोबाईलवरची गाणी वाजवता येतील का? आईची तेवढीच इच्छा आहे.

ग्रिड_लीक

नक्की. तुमच्या सेटला ट्रान्सफॉर्मर आहे म्हणून चालतं, ‘यू’च्या सेटला हे कधीच करायचं नाही. डाव्या आणि उजव्या चॅनलला प्रत्येकी ४.७ किलोओहम लावून दुसरी टोकं एकत्र करा आणि पीयूच्या गरम (सिग्नलच्या) भोकात द्या. शील्ड (केबलची बाहेरची जाळी) दुसऱ्या भोकात, म्हणजे मीटरवर चॅसीशी शून्य ओहम दाखवणाऱ्या. मध्ये ६००:६०० ओहमचा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घातलात तर मोबाईल पूर्ण सुरक्षित राहतो. जेल रोडला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारून बघा. ब्लूटूथ हवंच असेल तर बॅटरीवरचा छोटा रिसीव्हर पेटीच्या बाहेर ठेवून याच भोकांना जोडा. मोबाईल चार्जिंगला लावून वाजवू नका, चार्जरची भुणभुण थेट स्पीकरमध्ये येते.