रातपाळीतले खाणे आणि वाढलेली साखर: मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार,

माझे यजमान लोटे परशुराम येथील एका रासायनिक कारखान्यात ऑपरेटर आहेत. त्यांची पाळी दर आठवड्याला बदलते. वय ४२, अंगकाठी सडसडीत, घराण्यात मधुमेह नाही; तरीही नुकत्याच केलेल्या तपासणीत त्यांचे एचबीए१सी (मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी रक्तशर्करा दाखवणारी चाचणी) ६.१ टक्के आले. ५.७ ते ६.४ हा मधुमेहपूर्व टप्पा मानतात. डॉक्टरांनी भात आणि साखर कमी करायला सांगितले, मात्र जेवणाच्या वेळा विचारल्या नाहीत, आणि मला खरी गोम तिथेच वाटते.

रातपाळीच्या आठवड्यात ते साडेनऊला माशाचे कालवण आणि भात पोटभर जेवून कंपनीची बस पकडतात. अडीचच्या सुमारास कँटीनमध्ये बटाटेवडे किंवा मिसळ, पहाटे डोळ्यांवर झापड येऊ लागली की गोड चहा आणि टोस्ट. सकाळी घरी आल्यावर गरम आंबोळ्या खाऊन ते लगेच झोपतात, त्यामुळे दुपारचे जेवण बहुधा बुडतेच.

रात्री मेलाटोनिन (झोपेशी निगडित संप्रेरक) वाढलेले असताना रक्तातली साखर आटोक्यात ठेवणारे इन्सुलिन कमी स्रवते, म्हणून तेवढ्याच भाताने दिवसापेक्षा रात्री साखर अधिक चढते, असे वाचले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात १९ निरोगी व्यक्तींना प्रयोगशाळेत रातपाळीसारखे जागवले होते. रात्रीही जेवणाऱ्यांची साखर वाढली. फक्त दिवसा जेवणाऱ्यांची वाढली नाही. परंतु ती माणसे प्रयोगशाळेत होती. यांना रात्रभर प्लँटचे लोखंडी जिने चढायचे असतात, आणि तिथे उपाशीपोटी चक्कर आली तर काय, या विचाराने मला पूर्ण उपास सुचवण्याचा धीर होत नाही.

म्हणून ज्यांनी स्वतः अनेक वर्षे रातपाळी केली आहे त्यांनी, तसेच आहारतज्ज्ञांनी, कृपया सांगावे. मुख्य जेवण संध्याकाळी सातच्या आत उरकून रात्रीच्या डब्यात उकडलेली अंडी, मुगाची उसळ आणि ताक एवढेच दिले तर अंगमेहनतीला पुरेल का? सकाळी झोपण्यापूर्वी थोडे खाऊ द्यावे, की उठल्यावरच जेवायला वाढावे? रातपाळी करणाऱ्यांत मधुमेह आणि हृदयविकार अधिक आढळतात हे ठाऊक असल्याने हा प्रश्न मी पुढच्या तपासणीपर्यंत लांबवू इच्छित नाही. पाळी बदलली की जेवणाच्याही वेळा बदलाव्यात, की तिन्ही पाळ्यांत त्या शक्य तितक्या सारख्याच ठेवाव्यात, हेही कळावे.