आबा म्हणतात, 'ह्यो धुरू आमचो नाय'. तारांगणात नेऊ का?

देवगडची_लेक
मंडळी, सुट्टीत आबांना (वय 76) आणि भाच्याला (वय 9) वरळीच्या नेहरू तारांगणात न्यायचं चाललंय. भाचा एका पायावर तयार आहे. अडलंय ते आबांचं.

आबा तांडेल होते, म्हणजे मासेमारी होडीचे म्होरके. जीपीएस यायच्या आधीपासून दर्यात. गेल्या वर्षी भाच्याच्या शाळेत ते फुगवायचं तारांगण आलं होतं, आत रांगत जायचं नि खाली बसायचं. आबाही हौसेने गेले. अंधार झाला, तारे उमटले, आणि ध्रुवाची उंची मोजायला आबांनी सवयीने हात लांब करून मूठ धरली. एक मूठ, तिच्यावर दुसरी, वर जवळजवळ तिसरी. "ह्यो धुरू आमचो नाय. इतको वर खय असता?" चालवणारा मुलगा म्हणाला, आजोबा, मशीन चुकत नाही. झालं! आबा तसेच रांगत बाहेर. गुडघ्याची माती झटकत मला म्हणाले, "ह्या पोरग्याक आधी दर्यात धाड."

तेव्हापासून तारांगण म्हटलं की तोंड वाकडं. तर, चूक नेमकी कोणाची? आणि मानेला पट्टा असलेल्या माणसाला इतका वेळ वर बघणं झेपेल का?

खडपावरचा
आबांना दंडवत. मशीन बरोबर असेल, लावणारा चुकला. ध्रुव क्षितिजापासून जितके अंश वर, तितके त्या गावाचे अक्षांश. देवगड साडेसोळाच्या आतबाहेर. हात ताणून धरलेली मूठ साधारण 10 अंशांची, म्हणजे आपला ध्रुव दीड मुठीच्या किंचित वर. जवळजवळ तीन मुठी म्हणजे 28-29 अंश, ते दिल्लीकडचं आकाश. कोणीतरी लावून दिलेलं तसंच चालू ठेवलं असणार. जुन्या यंत्रात ताऱ्यांचा गोळा कलवायचा, आता संगणकात गाव बदललं की झालं.

आणि मुठीला हसू नका. अरब खलाशी 'कमाल' वापरायचे, एक छोटी फळी, तिच्या मधून ओवलेली गाठींची दोरी. दोरी दातांत धरायची, फळीची खालची कड क्षितिजाला आणि वरची ध्रुवाला टेकवायची, मग कितवी गाठ ते बघायचं. त्यावरून बंदर किती उत्तरेला, किती दक्षिणेला ते कळे. आबांची मूठ म्हणजे बिनदोरीची कमालच.

प्रभादेवीकर
टॅक्सीवाल्याला नुसतं 'नेहरू' सांगू नका, तो नेहरू सायन्स सेंटरला सोडेल. ते ई. मोझेस रोडवर, तारांगण ॲनी बेझंट रोडवर. आमच्या सासूबाईंना ग्रह दाखवायला नेलं आणि वाफेचं इंजिन दाखवून आणलं! तारांगण सोमवारी बंद. मराठी खेळ कितीचा ते फोन करून विचारा, आबांना इंग्रजीत बसवलंत तर परत रांगत निघतील. मानेचं म्हणाल तर खुर्च्या मागे कलतात. तरी पंचा गुंडाळून मानेखाली द्या, आणि मागची ओळ धरा.

माळनाका
मुंबई कशाला? रत्नागिरीला नगरपालिकेचं तारांगण झालंय की. इथला ध्रुव 17 अंशांवर, आबांना अर्ध्या बोटाचाही फरक लागायचा नाही. वाटेत विजयदुर्गात साहेबाचे ओटे दाखवा, तिथेच लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाला सूर्यग्रहणात हीलियम सापडला.

खडपावरचा
@माळनाका, रत्नागिरीला +1. पण 18 ऑगस्ट 1868 च्या ग्रहणाला लॉकियर विजयदुर्गात नव्हता हो, इंग्लंडात होता. ते ग्रहण बघायला आलेला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जानसेन, तो होता गुंटूरला. ओटे बघा, भाच्याला ही गोष्ट तेवढी सांगू नका.

देवगडची_लेक
आबांना सगळं वाचून दाखवलं. दिल्ली ऐकल्यावर हसले, "मगे तसा सांगाचा ना." आधी रत्नागिरी करू, वरळी मे महिन्यात.

आता नवीन खुसपट काढलंय. जन्मभर मिरगाचा पाऊस बघितला, पण मिरगात मृग काही दिसला नाही, तो दाखवतील काय? म्हटलं, आबा, तेव्हा सूर्यच त्याच्या पुढ्यात असतो, कसा दिसणार? तर म्हणतात, "मगे सूर्याक बंद करूक सांग."

खडपावरचा
करतात की! खेळ संपल्यावर चालवणाऱ्याला गाठा. 10 जून, भर दुपार, देवगड, सूर्याचा उजेड बंद. मृगाचं डोकं सूर्यापासून दीड मुठीच्या आत सापडेल. आबांना मोजू द्या.