बीओएस ही विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टिम आठवते का कुणाला?
‘विंडोज ९८ सोडून तेव्हा घरी वापरण्याजोगं होतंच काय?’ असं कुणीतरी विचारलंय. होतं की, बीओएस! २००० साली पाचवी आवृत्ती फुकट मिळायची. विंडोजमध्येच एका फाइलीत राहायची, हार्ड डिस्कवर वेगळा भाग (पार्टिशन) करायला नको. ६४ एमबी रॅमच्या माझ्या डबड्यावरसुद्धा बघता बघता सुरू व्हायची. पडद्यावरच्या फिरत्या ठोकळ्याच्या बाजूबाजूवर व्हिडिओ लावून मित्रांना दाखवायचो, मागे गाणं चालूच, एकदाही अडकायचं नाही! मॉडेम मात्र काही केल्या चालला नाही (तो विंडोजपुरताच बनवलेला), त्यामुळे नेटसाठी झक मारत परत विंडोज. २००१मध्ये पाम या हातातले छोटे संगणक बनवणाऱ्या कंपनीने बीओएसचं तंत्रज्ञान विकत घेतलं आणि विषय संपला. ‘हायकू’ या मुक्त प्रकल्पवाल्यांनी ते पुन्हा लिहून काढलंय, जुन्या लॅपटॉपवर टाकलं, खिडक्यांचे पिवळे टॅब अगदी तेच.